सेफ हार्बर (कलम 79): सोशल मीडिया कंपन्यांची कायदेशीर जबाबदारी

फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, एक्स असल्या प्लॅटफॉर्मवर कुणी बदनामीचा, अश्लील किंवा माणसं भडकवणारा मजकूर टाकला तर त्यासाठी कंपनीला जबाबदार धरता येतं का, ह्याचं भारतातलं उत्तर माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 79 मध्ये आहे. कंपनी नुसती मध्यस्थ असेल, म्हणजे मजकूर तिने लिहिलेला नाही, तो कुणाला जायचा हे तिने ठरवलेलं नाही आणि नियमांत सांगितलेली काळजी तिने घेतलीय, तर दुसऱ्याच्या मजकुराबद्दल तिच्यावर जबाबदारी येत नाही. ह्या संरक्षणालाच सेफ हार्बर म्हणतात. ते कायमचं मात्र नसतं, मजकूर बेकायदा आहे हे कळूनही कंपनीने तो लगेच हटवला नाही तर ते जातं. गेलं म्हणजे कंपनी लगेच दोषी ठरली असं नाही, फक्त ढाल जाते, पुढे गुन्हा किंवा नुकसान नेहमीसारखं कोर्टात सिद्ध करावंच लागतं. खरी भांडणं झालीत ती एकाच मुद्द्यावर, कंपनीला कळलं असं कधी धरायचं आणि कळवायचा अधिकार कुणाला.

हा प्रश्न पहिल्यांदा मोठा झाला तो 2004 च्या बाझी डॉट कॉम प्रकरणात, तेव्हा सोशल मीडिया आपल्याकडे नीट आलाही नव्हता. दिल्लीतल्या दोन शाळकरी मुलांची अश्लील क्लिप आयआयटी खरगपूरच्या एका विद्यार्थ्याने ह्या खरेदी-विक्रीच्या साइटवर ई-बुक्सच्या विभागात विकायला टाकली. 27 नोव्हेंबरला, शनिवारी रात्रीच एका युजरने कंपनीला ईमेल करून कळवलं होतं, तरी ती जाहिरात निघाली सोमवारी सकाळी, आणि तेवढ्यात काही प्रती विकल्याही गेल्या. डिसेंबरमध्ये साइटचे प्रमुख अवनीश बजाज यांना अटक झाली. त्यांच्याविरुद्धचा खटला शेवटी 2012 मध्ये सुप्रीम कोर्टात रद्द झाला कारण कंपनीलाच आरोपी केलेलं नव्हतं, पण त्या अटकेने इंटरनेट कंपन्या हादरल्या आणि 2008 च्या दुरुस्तीत कलम 79 नव्याने लिहिलं गेलं, जे 27 ऑक्टोबर 2009 पासून लागू झालं. एक मात्र विसरू नये, त्या क्लिपमधली मुलं अल्पवयीन होती आणि शनिवार रात्र ते सोमवार सकाळ हा वेळ त्यांच्यासाठी किती मोठा होता हे कुठल्याच कलमात मोजलं जात नाही.

2011 च्या नियमांनी तर कुणा बाधित माणसाची नुसती लेखी तक्रार आली की कंपनीने 36 तासांत हालचाल करावी असं ठरवलं. म्हणजे कंपन्या वाद नको म्हणून चांगला मजकूरही काढून टाकणार हे उघडच होतं. ह्यात बदल झाला तो पालघरमधल्या एका घटनेमुळे. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्यावर एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न विचारला, दुसरीने ती पोस्ट लाइक केली, आणि दोघींना अटक झाली. लाइक केलं म्हणून अटक! फेसबुकला कुणी हात लावला नाही, सापडल्या त्या दोन मुली. हे बघून कायद्याची विद्यार्थिनी असलेल्या श्रेया सिंघल सुप्रीम कोर्टात गेल्या आणि 24 मार्च 2015 ला कोर्टाने ऑनलाइन आक्षेपार्ह मजकूर टाकणाऱ्याला शिक्षा देणारं त्याच कायद्यातलं कलम 66 ए घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. त्याच निकालात कलम 79 चाही अर्थ लावला गेला: कंपनीला कळलं असं धरायचं ते कोर्टाचा आदेश किंवा सरकारची अधिकृत सूचना आली की, कुणा खाजगी माणसाच्या तक्रारीवरून नाही.

बोलण्याच्या स्वातंत्र्यासाठी हा निकाल फार मोलाचा आहे यात वाद नाही. पण ज्याची बदनामी चाललीय त्याच्या बाजूने बघा, कंपनी म्हणते कोर्टाचा आदेश आणा, आणि आदेश आणायचा म्हणजे वकील, फी, तारखा, तोवर व्हिडिओ गावभर फिरून झालेला असतो. 25 फेब्रुवारी 2021 च्या नव्या नियमांनी ह्यातली एक बाब सुधारली आणि ती प्रत्येकाला माहीत असायला हवी. कुणाचा नग्न किंवा लैंगिक स्वरूपाचा फोटो, व्हिडिओ किंवा मॉर्फ केलेलं चित्र टाकलं गेलं असेल तर ती व्यक्ती स्वतः किंवा तिच्या वतीने दुसरं कुणीही तक्रार करू शकतं, कोर्टाचा आदेश लागत नाही, आणि कंपनीने 24 तासांत तो मजकूर हटवायचा असं त्यात लिहिलं होतं, फेब्रुवारी 2026 च्या दुरुस्तीने ही मुदत दोन तासांवर आली. 50 लाखांहून जास्त नोंदणीकृत युजर असलेल्या कंपन्यांना भारतात राहणारा तक्रार अधिकारी नेमणंही सक्तीचं झालं. त्याचं उत्तर पटलं नाही तर केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं, ही सोय 2022 च्या दुरुस्तीत आली.

कलम 79 जिथे हात टेकतं अशी जागा म्हणजे धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. 1 जुलै 2018, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशा अफवा व्हॉट्सअ‍ॅपवर कित्येक दिवस चालू होत्या, आणि भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातून पोटासाठी आलेली माणसं होती ती. आता इथे कंपनीला कोण कळवणार आणि काय हटवणार? मेसेज एन्क्रिप्टेड, खाजगी ग्रुपमधले, कंपनीलाच वाचता येत नाहीत. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा घातली, तीसुद्धा कायद्याने नाही, दबावाने. 2021 च्या नियमांत सरकारने मेसेज पहिल्यांदा कुणी पाठवला हे शोधून द्या अशी अट टाकली, त्याविरुद्ध व्हॉट्सअ‍ॅप दिल्ली हायकोर्टात गेलं, एन्क्रिप्शन मोडल्याशिवाय हे होणार नाही म्हणून.

ग्रुप अ‍ॅडमिनचं काय, हा आपल्याकडे नेहमी येणारा प्रश्न. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने मार्च 2021 मध्ये सांगितलं की मेंबरने टाकलेल्या आक्षेपार्ह पोस्टसाठी अ‍ॅडमिन आपोआप गुन्हेगार होत नाही, दोघांचा आधीपासून मिळून तसा बेत होता हे दाखवावं लागतं.

अमेरिकेत असंच संरक्षण देणारं 1996 पासूनचं कलम 230 ह्याहून बरंच सैल आहे, तिथे कळवल्यावरही बहुतेक वेळा कंपनी सुटते. युरोपचा 2022 चा डिजिटल सेवा कायदा उलट मोठ्या कंपन्यांना स्वतःहून धोके तपासायला लावतो.

भारतात मात्र ओढाताण सरकार आणि कोर्ट यांच्यातच जास्त झाली. एप्रिल 2023 मध्ये केंद्राने नियम केला की केंद्र सरकारच्या कामकाजाबद्दलचा मजकूर सरकारचंच फॅक्ट चेक युनिट खोटा ठरवेल आणि तो ठेवला तर सेफ हार्बर धोक्यात. कुणाल कामरा आणि इतरांनी मुंबई हायकोर्टात आव्हान दिलं, जानेवारी 2024 मध्ये न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांची मतं वेगळी पडली, मग तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी सप्टेंबरमध्ये नियम घटनाबाह्य ठरवला. ज्याच्यावर टीका होतेय त्यानेच खरं-खोटं ठरवायचं हे चालण्यासारखं नव्हतंच, त्यामुळे निकाल योग्यच झाला असं वाटतं. दुसरीकडे सहयोग पोर्टलवरून सरकारी अधिकारी थेट मजकूर हटवायला सांगतात त्याविरुद्ध एक्सने केलेली याचिका कर्नाटक हायकोर्टाने सप्टेंबर 2025 मध्ये फेटाळली. त्यानंतर झालेल्या नियमबदलाने 15 नोव्हेंबर 2025 पासून अशी सूचना सहसचिव किंवा त्याहून वरच्या, तसा कुणी नेमलेला नसेल तर संचालक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच द्यायची, पोलिसांकडून जाणार असेल तर खास नेमलेल्या उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने, आणि कुठला कायदा मोडला, कुठली लिंक काढायची हे तिच्यात स्पष्ट लिहावं लागतं.