दैनंदिन आत्मपरीक्षण

दिवसभरात आपण कोणाशी कसे वागलो हे ठराविक वेळी स्वतःशी तपासण्याची आणि त्यावरून उद्याचे वागणे ठरवण्याची सवय. ‘प्रत्यहं प्रत्यवेक्षेत नरश्चरितमात्मनः’ या सुभाषितात ती नेमकी सांगितली आहे: माणसाने रोज आपले आचरण पाहावे, त्यात पशूसारखे काय आणि सज्जनासारखे काय ते विचारावे. नामस्मरणात किंवा ध्यानात मन एका ठिकाणी लावायचे असते. इथे घडलेली गोष्ट आठवायची असते. त्यामुळे रोज हरिपाठाला बसणारा माणूस हेही आपोआप करतोच असे नाही.

मराठवाड्यात या विचाराचा सर्वांत मजेदार नमुना पैठणच्या एकनाथांच्या (सोळावे शतक) ‘अर्जदस्ता’त सापडतो. परगणे शरीराबाद, किल्ले कायापुरी इथला जिवाजी शेखदार फारसी वळणाच्या दरबारी भाषेत साहेबांकडे, म्हणजे देवाकडे, अर्ज करतो. कामाजी महाजन, क्रोधाजी नाईकवाडी अशा मंडळींनी परगण्याच्या कारभाराचा कसा विचका केला त्याची ती तक्रार. गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार, तेव्हा ही कारकुनी बोली एकनाथांच्या रोजच्या कानावरची. वाचताना हसू येते, पण दोषाला नाव आणि हुद्दा देण्याची ही रीत फार कामाची आहे. ‘माझा स्वभावच तसा’ म्हटले की पुढे करण्यासारखे काही उरत नाही. क्रोधाजी आज कुठे, कोणावर धावून गेला हे मात्र सांगता येते.

जालना जिल्ह्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव (१६०८). त्यांचे मनाचे २०५ श्लोक थेट मनालाच उद्देशून आहेत. जैन परंपरेत दिवसाचे आणि रात्रीचे अशी रोजची दोन प्रतिक्रमणे, म्हणजे झालेल्या दोषांची आठवण करून त्यांतून मागे फिरणे, सांगितली आहेत. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीजवळ ज्यांचा दर्गा आहे ते बाबा शाह मुसाफिर नक्शबंदी या सूफी पंथाचे. आपला वेळ कसा गेला याचा हिशेब ठेवणे हा या पंथाच्या साधनेचाच भाग. बौद्ध परंपरेत बुद्धांनी आपला मुलगा राहुल याला केलेला उपदेश एक पाऊल पुढचा आहे: कृतीच्या आधी, करताना आणि नंतरही पाहावे, आणि कोणाचे अहित झाले असेल तर ते जाणत्यापुढे उघड करावे.

प्रत्यक्षात सवय टिकते ती आधीच ठरलेल्या एखाद्या कामाला जोडली तर. सांजवात, रात्रीची जेवणे, जनावरांची वैरण, काहीही चालते. प्रश्न दोन-तीनच असावेत आणि माणसांविषयी असावेत. ‘मी आज चांगला वागलो का?’ या प्रश्नाला मन सोयीचे उत्तर देते. उन्हाळ्यात गावात टँकर आला असेल तर विचारायचे असे: गर्दीत शेजारच्या म्हातारीच्या हंड्यापुढे आपला ड्रम सरकवला का? उत्तर ‘हो’ असेल तर खंत करत जागण्यापेक्षा ठरवून टाकावे, की उद्या टँकरचा पाइप सुटला की आधी तिचा हंडा लावायचा, मग आपला. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी ‘अमुक झाले की तमुक करीन’ अशा संकल्पांचा अभ्यास केला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ९४ चाचण्या एकत्र तपासणाऱ्या विश्लेषणात असे संकल्प नुसत्या इच्छेपेक्षा बरेच जास्त तडीस जातात असे दिसले. आत्मपरीक्षणाचे सत्कृत्यात रूपांतर होते ते याच सांध्यावर. उद्याचे काम न ठरवता उठले तर ती फक्त उजळणी.

उजळणीचेही दोन रोग आहेत. काहींना केलेल्या मदतीची यादी मोजण्याची गोडी लागते. काही जण तीच चूक रात्रभर उगाळत बसतात. दुसऱ्या प्रकारच्या माणसाने ही बैठक सकाळी घ्यावी, थोडक्यात घ्यावी, आणि दुखावलेल्या माणसाकडे त्याच दिवशी जाऊन बोलावे.