गारगोटी खनिज संग्रहालय, सिन्नर

महाराष्ट्राच्या नाशिक जिल्ह्यातील सिन्नर येथील खनिजांचे खासगी संग्रहालय. ते सिन्नरजवळच्या मालेगाव औद्योगिक वसाहतीत, नाशिकहून शिर्डीकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. (हे मालेगाव म्हणजे यंत्रमागांचे मालेगाव शहर नव्हे. कोल्हापूर जिल्ह्यातील गारगोटी गावाशीही संग्रहालयाचा संबंध नाही.) कृष्णचंद्र पांडे यांनी वर्षानुवर्षे जमवलेल्या नमुन्यांतून हे संग्रहालय उभे राहिले आणि २००१ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. ‘देशातील पहिले खनिज संग्रहालय’ असे त्याचे वर्णन केले जाते. महाविद्यालयांच्या भूशास्त्र विभागांतील आणि सरकारी संस्थांतील जुने संग्रह लक्षात घेता हे वर्णन मर्यादित अर्थानेच घ्यावे. दख्खनच्या काळ्या पाषाणातील स्फटिक सर्वसामान्य प्रेक्षकांना बघता येतील अशा रीतीने एवढ्या संख्येने मांडणारे दुसरे ठिकाण मात्र राज्यात सहसा आढळत नाही.

भूशास्त्रीय पार्श्वभूमी : संग्रहाचा गाभा म्हणजे दक्षिण ट्रॅपमधील (दख्खनच्या पठारावरील लाव्हाच्या थरांमधील) झिओलाइटे (संरचनेत पाणी सैल धरणारी सिलिकेट खनिजे) व त्यांच्या सोबतची खनिजे. सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वी, आगेमागे काही लाख वर्षांच्या कालावधीत, बेसाल्टाच्या (काळ्या पाषाणाच्या) लाव्हाचे थरावर थर पसरले. आज या खडकांनी सु. ५ लाख चौ. किमी. प्रदेश व्यापलेला आहे. कळसूबाईचे १,६४६ मी. उंचीचे शिखरही याच थरांचे आहे. लाव्हा वर येताना त्यातील वायू सुटतात व खडकात लहानमोठ्या पोकळ्या राहतात. पश्चिम भागातील प्रवाह बहुधा संयुक्त प्रकारचे आहेत, म्हणजे लाव्हाच्या अनेक लहान जिभा एकमेकींवर चढून ते बनले आहेत. त्यामुळे पोकळ्या तेथे विपुल आहेत. पोकळ्यांनी भरलेल्या व झिजलेल्या अशा खडकाला विहिरी खोदणारे ‘मांजऱ्या’ म्हणतात. पुढे खडकातून फिरणाऱ्या पाण्याने सिलिका, कॅल्शियम, ॲल्युमिनियम, सोडियम, पोटॅशियम इ. द्रव्ये विरघळवून आणली व पोकळ्यांच्या भिंतींवर स्फटिकरूपाने निक्षेपित केली. बहुतेक पोकळ्या पूर्ण भरून गेल्या आणि त्यांत पांढरे ठिपके तेवढे दिसतात. ज्या अर्धवट भरल्या, त्यांत स्फटिकांना मोकळी जागा मिळाली. संग्रहालयात येतात ते या दुसऱ्या प्रकारातील नमुने.

उत्पत्तीविषयी मते : ही खनिजे केव्हा व कशी तयार झाली, याविषयी एकमत नाही. जुन्या मताप्रमाणे ती लाव्हा थंड होत असतानाच, त्याच्या स्वतःच्या उरलेल्या पाण्यापासून बनली. सूक्ष्म पोकळ्यांतील मृद्-खनिजांच्या (चिकणमातीतील खनिजांच्या) पातळ लेपाला हे स्पष्टीकरण लागू पडेलही, पण हातभर लांबीच्या पोकळीतील मोठ्या स्फटिकांना ते अपुरे पडते.

दुसरे मत खोलीवर आधारलेले आहे. भूशास्त्रज्ञ जी. पी. एल. वॉकर यांनी १९६० च्या सुमारास पूर्व आइसलँडमध्ये दाखवले, की झिओलाइटांचे पट्टे लाव्हाच्या थरांना छेदून जातात व मूळ भूपृष्ठाला समांतर राहतात. म्हणजे कोणते खनिज बनणार हे ते किती खोल व किती उष्ण जागी होते यावर ठरले. याच धर्तीवर आर. एन. सुखेश्वाला व त्यांचे सहकारी यांनी १९७४ मध्ये पश्चिम भारतातील ट्रॅपसाठी लॉमोंटाइट, स्कोलेसाइट व ह्यूलँडाइट या झिओलाइटांचे तीन पट्टे सुचवले. वरच्या थरांच्या भाराखाली गाडले जाऊन खडकाचे तापमान वाढले व त्यानुसार खनिजे बदलत गेली, असा या मांडणीचा रोख आहे. क्षेत्रकार्यावर आधारलेली ही मांडणी आजही उपयोगी पडते, विशेषतः घाटमाथा व कोकणची बाजू यांची तुलना करताना.

तथापि एका पट्ट्यातच नव्हे, तर एकाच पोकळीत खनिजांच्या दोनदोन, तीनतीन पिढ्या आढळतात. पोकळीच्या भिंतीलगत हिरवट मृद्-खनिज, त्यावर ह्यूलँडाइट, मग स्टिल्बाइट, मध्येच कॅल्साइट, नंतर अपोफिलाइट आणि त्यावर पुन्हा वेगळ्या घडणीचा कॅल्साइट असा क्रम दिसतो. कधी आधीच्या पिढीचा स्फटिक विरघळून गेलेला असतो आणि त्याचा साचा तेवढा उरतो. स्फटिकांतील द्रव-अंतर्भूतांचा (वाढताना आत अडकलेल्या द्रवाच्या सूक्ष्म थेंबांचा) व कॅल्साइटमधील कार्बन-ऑक्सिजन समस्थानिकांचा (एकाच मूलद्रव्याच्या निरनिराळ्या वजनांच्या अणूंचा) अभ्यास करणाऱ्यांनी म्हणूनच अनेक टप्प्यांची कल्पना पुढे केली आहे : निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या तापमानाची जलतापीय (भूगर्भातील उष्ण) पाणी खडकातून वाहून गेली. शेवटचे टप्पे लाव्हा थिजल्यानंतर कोट्यवधी वर्षांनी घडले असावेत, असेही मत आहे. प्रत्यक्ष नमुन्यांचा क्रम पाहता हे बहुटप्पी स्पष्टीकरण अधिक समाधानकारक वाटते. पट्ट्यांची कल्पना त्याला पूरक मानता येते.

नमुने : झिओलाइट गटाला हे नाव स्वीडिश खनिजवैज्ञानिक आक्सेल क्रोनस्टेट यांनी १७५६ मध्ये दिले. तापवल्यावर फसफसणारा दगड त्यांनी पाहिला होता, म्हणून ‘उकळणारा दगड’ अशा अर्थाचे हे नाव. या गटातील खनिजांच्या जालकात (अणूंच्या सांगाड्यात) पाणी सैल धरलेले असते. तापवल्यास ते निघून जाते व सांगाडा बहुधा तसाच राहतो. संग्रहालयातील सर्वच खनिजे मात्र या गटातील नाहीत. प्रेक्षकांना सर्वाधिक भुरळ घालणारे अपोफिलाइट हेही झिओलाइट नव्हे. त्याच्या संरचनेत सिलिकेटचे पदर असतात.

स्टिल्बाइटावर वाढलेले अपोफिलाइट हा दख्खनचा खास जोडनमुना. तो निवांतपणे न्याहाळण्यासारखा असतो. खाली फिकट गुलाबी ते नारिंगी स्टिल्बाइट, मध्यभागी आवळलेल्या पेंढीसारखे दोन्ही टोकांना फाकलेले. त्याच्या पाटन-पृष्ठावर (खनिज सहज फुटून निघणाऱ्या सपाट पृष्ठावर) मोत्यासारखी चमक असते. त्यावर चतुष्कोणीय अपोफिलाइटाचे रंगहीन किंवा हिरवे प्रचिन (खांबासारखे स्फटिक). त्याच्या उभ्या फलकांवर (सपाट बाजूंवर) बारीक समांतर रेघा असतात व चमक काचेसारखी असते. आडवे टोक मात्र मोतिया दिसते, कारण त्याच दिशेने खनिजाचे उत्तम पाटन होते. नमुना किंचित फिरवून पाहिला की एका फलकावरून दुसऱ्यावर जाताना चमक बदललेली कळते. अपोफिलाइटाचा हिरवा रंग व्हॅनेडियम या धातूमुळे येतो, असे १९७० च्या दशकातील वर्णपटीय अभ्यासातून दिसून आले. पुण्याजवळील पाषाणच्या खाणी हिरव्या अपोफिलाइटासाठी प्रसिद्ध होत्या. राहुरीजवळील मोमीन आखाडा येथे २००१ मध्ये एक विहीर खोदताना असेच हिरवे स्फटिक स्टिल्बाइटासह मिळाले, ते आज जगभरच्या संग्रहांत आहेत. अपोफिलाइटाच्या नामकरणात १९७८ पासून बदल झाले असून फ्ल्युओरिनयुक्त व हायड्रॉक्सिलयुक्त प्रकार वेगळे मानले जातात. नमुन्यांच्या जुन्या चिठ्ठ्यांवर नुसते ‘अपोफिलाइट’ असते.

व्हॅनेडियमाचेच दुसरे रूप म्हणजे पुण्याजवळील वाघोलीचे कॅव्हन्साइट. त्याचा गर्द निळा रंग अन्य खनिजांत क्वचितच दिसतो. हे खनिज प्रथम अमेरिकेतील ऑरेगन राज्यात सापडले व १९७३ मध्ये त्याचे वर्णन झाले. पुणे परिसरातील नोंद त्याच दशकातील आहे. वाघोलीच्या खाणींतून मोठे नमुने १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून मिळू लागले. पांढऱ्या स्टिल्बाइटावर निळ्या स्फटिकांचे गोळे असे ते आढळतात. याच रासायनिक संघटनाचे पण निराळ्या संरचनेचे पेंटागोनाइट हे त्याहून विरळ आहे. एवढे व्हॅनेडियम नेमक्या याच जागी कसे एकवटले, याचे सर्वमान्य उत्तर मिळालेले नाही. भोवतालच्या बेसाल्टातून ते पाण्याने धुऊन आणले असावे, हे मत तूर्त अधिक ग्राह्य दिसते.

नाशिकच्या पांडवलेणी टेकडीच्या परिसरातील खाणींनी पॉवेलाइट हे कॅल्शियमाचे मॉलिब्डेट (मॉलिब्डेनम धातूचे संयुग) दिले. त्याचे नारिंगी-पिवळे स्फटिक जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) प्रकाशात पिवळट दीप्ती देतात. नाशिक भागातील स्कोलेसाइटाच्या सुया एका बिंदूपासून सर्व दिशांना फुटलेल्या असतात. ओकेनाइटाचे पांढरे गोळे इतक्या नाजूक तंतूंचे असतात की बोट लागले तरी ते दबतात व पुन्हा उभे राहत नाहीत. मॉर्डेनाइट, मेसोलाइट, चॅबाझाइट, कॅल्साइट, जांभळा क्वॉर्ट्झ व अगेट यांचेही नमुने दख्खनमधून मिळतात. यांखेरीज संग्रहालयात परदेशी खनिजे, रत्ने, जीवाश्म व उल्कापाषाण आहेत.

स्थळनोंदीचा प्रश्न : कर्नल डब्ल्यू. एच. साइक्स यांनी १८३० च्या दशकात दख्खनच्या भूरचनेविषयी लिहिले. या पाषाणातील खनिजांकडे लक्ष वेधणाऱ्या आरंभीच्या लेखनात त्याची गणना होते. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटातील लोहमार्गासाठी बोगदे व खोदकाम चालू असताना उत्तम अपोफिलाइटे निघाली व त्यांतील काही इंग्लंडला गेली. जुन्या युरोपीय संग्रहांतील अशा नमुन्यांवर केवळ ‘पूना’ एवढीच नोंद असते. नमुना घाटातला की शहराजवळच्या खाणीतला, हे त्यावरून ठरवता येत नाही. आजही व्यापारात ‘नाशिक’ किंवा ‘जळगाव’ ही नावे साऱ्या जिल्ह्यासाठी वापरली जातात, आणि स्रोत दुसऱ्याला कळू नये म्हणून खाणीचे नाव मुद्दाम गाळण्याचीही रीत आहे. ही मोठी हानी आहे. खाण, प्रवाह व पोकळीतील जागा ठाऊक नसेल, तर वर दिलेल्या वादांपैकी एकही त्या नमुन्यावरून सुटत नाही, मग तो कितीही देखणा असो. संग्रहालयातील नमुन्याखालची चिठ्ठी म्हणून नमुन्याइतक्याच काळजीने वाचावी.

हे स्फटिक शोधण्यासाठी सहसा वेगळी खाण काढली जात नाही. रस्त्यासाठी व बांधकामासाठी खडी फोडताना, विहीर किंवा रस्ता खोदताना ते निघतात. सुरुंग उडाल्यावर पोकळी उघडी पडली, तर पहार, छिन्नी व घण घेऊन काम करणारा मजूरच तिचा पहिला पाहणारा असतो. नमुना शाबूत निघणे त्याच्या हातावर अवलंबून असते. वडार समाजातील अनेक कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडण्याचे काम केले आहे, आणि आतील स्फटिकांना धक्का न लावता कातळ उकलण्याचे कौशल्य या कामातूनच येते. खनिजांवरील ग्रंथांत त्यांचा उल्लेख अभावानेच येतो. ज्या पोकळ्या कोणाच्या नजरेस पडत नाहीत, त्या क्रशरमध्ये जातात.

मुंबईच्या मालाड व कांदिवली भागांतील खाणींतून एके काळी प्रेहनाइट, बॅबिंग्टोनाइट, युगावारालाइट अशी विरळ खनिजे मिळाली. वस्ती वाढत गेली तशा त्या बंद पडल्या व त्यांवर इमारती उभ्या राहिल्या. पाषाणच्या बाबतीतही पुष्कळ अंशी तेच झाले. विदर्भ व मराठवाड्याच्या पूर्व भागातील लाव्हा-प्रवाहांतील खनिजांच्या नोंदी तुटक आहेत.