बिबटेक

शोधनिबंधातील संदर्भनिर्देश आणि शेवटची संदर्भसूची आपोआप जुळवणारी संगणक-आज्ञावली. ती मुख्यतः लाटेक या अक्षरजुळणी प्रणालीबरोबर वापरतात.

बिबटेकचा आरंभ सामान्यतः १९८५ चा मानला जातो. स्टॅनफर्ड विद्यापीठात ओरेन पाताश्निक यांनी लाटेककर्ते लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या सहकार्याने ती लिहिली. मूळ कल्पनेचे श्रेय मात्र विभागून द्यावे लागते. बेल प्रयोगशाळेतील माइक लेस्क यांची ‘रेफर’ ही आज्ञावली १९७० च्या दशकाच्या अखेरची, म्हणजे आधीची. तिच्यात लेखक मजकुरात दोन-चार सूचक शब्द लिही आणि आज्ञावली त्यांवरून ग्रंथ शोधी. संग्रह वाढला की तेच शब्द दुसऱ्या नोंदीलाही जुळू शकत. ब्रायन रीड यांच्या ‘स्क्राइब’ या दस्तऐवज-मांडणी प्रणालीमध्ये प्रत्येक नोंदीला ठरावीक संकेतनाम असे. बिबटेकने ही पद्धत, तसेच नोंदीचे प्रकार व @ हे चिन्हही उचलले; त्यामुळे स्क्राइबकडूनचा वारसा अधिक ग्राह्य वाटतो.

नोंदी साध्या मजकुराच्या ‘.bib’ फाइलीत राहतात आणि मांडणीचे नियम ‘.bst’ फाइलीत. नियतकालिक बदलले तर फक्त ‘.bst’ फाइल बदलायची. संशोधन पुनरुत्पादनक्षम ठेवण्याच्या दृष्टीने ही फारकत मोलाची आहे: संदर्भांची फाइल विदा व आज्ञावलीसोबत गिट या फाइलींतील बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत ठेवता येते आणि कोणता संदर्भ केव्हा बदलला हे ओळीगणिक दिसते.

मूळ बिबटेक एक बाइट म्हणजे एक अक्षर असे धरते. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या संकेतपद्धतीत देवनागरी वर्ण तीन बाइटांचा असतो. त्यामुळे ‘अल्फा’ या मांडणी-शैलीत संदर्भखुणेसाठी एकट्या लेखकाच्या आडनावाची पहिली तीन अक्षरे घ्यायची, तिथे ‘केतकर’मधला नुसता ‘क’ उरतो. नावाचे आद्याक्षर घेणाऱ्या ‘अ‍ॅब्रव्ह’ शैलीत तर वर्णाचा एक-तृतीयांश तुकडा येऊन छापण्याजोगे काहीच राहत नाही. मराठी संदर्भांसाठी म्हणून बिबलाटेक (लाटेकमधील संदर्भ-संच) व बायबर (त्याची नोंदी जुळवणारी आज्ञावली) ही युनिकोड, म्हणजे सर्व लिपींची सामायिक अक्षरसंहिता, जाणणारी जोडी वापरावी. तिची तयार ‘.bbl’ फाइल (जुळवलेल्या संदर्भांची) आवृत्तीशी बांधलेली असल्याने दोन्हींच्या आवृत्त्या हस्तलिखितासोबत नोंदवणे आवश्यक ठरते.

पॅन्डॉक व क्वार्टो ही दस्तऐवज रूपांतरित व प्रकाशित करणारी साधनेही ‘.bib’ फाइल वाचतात. मांडणीसाठी ती सीएसएल ही वेगळी शैलीभाषा वापरतात.