कागदी थरांचे कोलाज

कागदी थरांचे कोलाज : वेगवेगळ्या जातींचे कागद एकावर एक चिकटवून, आणि पुष्कळदा नंतर काही भाग फाडून, घासून वा रंगवून चित्र घडवण्याची पद्धत. त्याच पृष्ठावर कोळसा, रंग, कापड, दोरा किंवा छायाचित्र आले की त्याला मिश्रमाध्यम कोलाज म्हणतात. ‘चिकटचित्र’ असा मराठी शब्द आहे. चित्रकारांच्या बोलण्यात मात्र ‘कोलाज’च रुळला आहे. तो ‘चिकटवणे’ या अर्थाच्या ‘कोले’ या फ्रेंच क्रियापदावरून आला.

उगमाबद्दल एकमत नाही. चीनमध्ये कागदाबरोबरच, म्हणजे इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या सुमारास, कोलाज सुरू झाले असे परिचयपर लेखनात वारंवार आढळते. त्याला आधार म्हणून पुढे ठेवता येईल असे चित्र मात्र हाती नसल्याने हे विधान बाजूला ठेवलेले बरे. भक्कम पुरावा जपानचा आहे. क्योटो येथील निशी होंगान्‌जी मंदिराच्या संग्रहातली छत्तीस कवींच्या काव्याची हस्तलिखित प्रत साधारणपणे इ.स. १११२ च्या आसपासची मानतात. निवृत्त सम्राट शिराकावा यांच्या साठीनिमित्त ती तयार झाली असावी, या तर्कावर ही कालनिश्चिती उभी आहे. तिच्या पानांत सांधे करण्याच्या तीन पद्धती दिसतात : कापून जोडणे (किरी-त्सुगी), फाडून जोडणे (याबुरी-त्सुगी) आणि थर सरकवत जोडणे (कासाने-त्सुगी). तिसरी येथे विशेष महत्त्वाची. एकाच रंगाच्या फिकट ते गडद छटांचे पातळ कागद, बहुधा पाच, किंचित सरकवून एकावर एक बसवतात. त्यामुळे प्रत्येकाची अरुंद कडच तेवढी दिसते आणि रंग पायरीपायरीने उतरतो. कागद इतका पातळ असावा लागतो, की सांध्यावर लिहिणाऱ्याचा कुंचला अडखळू नये. १९२९ मध्ये या संचातील दोन खंडांची पाने सुटी करून विकली गेली. ती ‘इशियामा-गिरे’ या नावाने ओळखली जातात.

इंग्लंडमध्ये मेरी डिलेनी (१७००–१७८८) यांनी १७७२ पासून सुमारे दहा वर्षांत, दृष्टी अधू होईपर्यंत, काळ्या पार्श्वभूमीवर कागदी तुकड्यांची जवळजवळ एक हजार वनस्पतिचित्रे केली. ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. एका फुलात कधीकधी शेकडो तुकडे असतात, आणि पाकळीची छाया रंगाने न काढता गडद कागदाच्या थराने आणलेली असते.

आधुनिक कोलाजचा आरंभ १९१२ मध्ये मानण्यावर बहुतेक अभ्यासक सहमत आहेत. वाद आहे तो पहिला मान कोणाचा याबद्दल. वेताच्या विणीचे छापील मेणकापड चिकटवलेले पॅरिसमधील चित्रकार पाब्लो पिकासो यांचे खुर्चीचे स्थिरचित्र त्या वर्षीच्या मे महिन्यातले, तर लाकडाच्या नक्षीचा भिंतकागद वापरलेले त्यांचे सहकारी जॉर्ज ब्राक यांचे चित्र सप्टेंबरचे. मेणकापड हा कागद नव्हे. शिवाय ब्राक यांनी चिकटवलेल्या कागदाच्या आत-बाहेर कोळशाच्या रेषा खेळवल्या. त्यामुळे कागदी थरांपुरते बोलायचे तर ब्राक यांचा दावा अधिक सबळ वाटतो. जपानी परंपरेशी या पॅरिसच्या घडामोडींचा संबंध जोडण्यास मात्र आधार नाही.

थरांच्या क्रमाचा खेळ पिकासो यांच्या त्याच वर्षाअखेरच्या गिटारच्या चित्रात जवळून पाहता येतो. त्यात भिंतकागद हाच सगळ्याचा पाया आहे. त्यावर स्वरलिपीचा तुकडा, लाकडाच्या नक्षीचा कागद, पेल्याचे रेखाटन आणि १८ नोव्हेंबर १९१२ च्या ‘ल झुर्नाल’ या वृत्तपत्राचे कात्रण आहे. गिटारचे भोक खरे तर खोलगट असते. येथे ते पांढऱ्या गोल कागदाने दाखवले आहे, म्हणजे जी जागा आत जायला हवी तीच वर उचलली गेली आहे. अमेरिकी कलासमीक्षक क्लेमंट ग्रीनबर्ग यांनी अशा रचनांत सपाट पृष्ठ आणि भासमान खोली यांची ओढाताण पाहिली, तर त्यांच्या नंतरच्या समीक्षक रोझलिंड क्राऊस यांनी कागदाच्या तुकड्यांना भाषेतल्या शब्दांसारखी चिन्हे म्हणून वाचले. दुसरे वाचन अधिक सूक्ष्म आहे, पण प्रत्यक्ष काम करणाऱ्याच्या उपयोगी पहिलेच पडते.

तंत्राचा गाभा कागदाच्या तंतूंत आहे. वर्तमानपत्र एका दिशेने सरळ फाटते आणि दुसरीकडे वाकडेतिकडे जाते; सरळ फाटते ती तंतूंची दिशा. खळ लागून ओला झालेला कागद तंतूंच्या आडव्या अंगाने अधिक फुगतो व वाळताना आखडून खालच्या पुठ्ठ्याला ओढतो. पाच-सहा थरांनंतर पुठ्ठा हमखास वाकतो. म्हणून खळ लावलेला कागद थोडा वेळ मुरू देतात, थरांच्या तंतूंची दिशा शक्यतो एकच ठेवतात आणि पुठ्ठ्याच्या पाठीवरही कागद चिकटवून ताण समतोल करतात. पतंगी कागद ॲक्रिलिक माध्यमाने (रंगात मिसळायच्या पारदर्शक द्रवाने) चिकटवला की पारदर्शक होतो. एकाच पिवळ्याचे तीन थर तीन वेगळे पिवळे देतात, पण स्वस्त कागदाचा रंग ओघळून शेजाऱ्याला लागतो. छापील कागद कापण्याऐवजी फाडला तर एका तुकड्याच्या काठाशी पांढरा गाभा उघडा पडतो. तो कोणत्या तुकड्यावर पडेल हे हात कोणत्या बाजूला ओढतो यावर ठरते, आणि सरावाने ते हातात बसते.

थर काढण्याची उलटी पद्धत ‘डेकोलाज’ या नावाने ओळखली जाते. रेमों एन्स आणि झाक व्हिलेग्ले या फ्रेंच कलावंतांनी १९४९ पासून पॅरिसच्या भिंतींवरील फाटक्या भित्तिपत्रकांचे जाड पोपडे उचलून तेच चित्र म्हणून मांडले. रोममध्ये मिम्मो रोतेल्ला १९५० च्या दशकात याच वाटेने गेले. स्टुडिओत हाच परिणाम अर्धवट वाळलेला वरचा कागद ओढून किंवा बारीक पॉलिश कागदाने घासून साधतात.

टिकाऊपणा हा या प्रकाराचा कच्चा दुवा. वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन हे लाकडातले द्रव्य उरलेले असते. प्रकाश आणि हवेने तो पिवळा, मग तपकिरी होतो, आणि १९१२ ची अनेक चित्रे आज मूळ रंगसंगतीत दिसत नाहीत. रबरी चिकटद्रव्य कालांतराने डाग सोडते. गव्हाच्या स्टार्चची खळ पाण्याने पुन्हा सुटते, म्हणून दुरुस्तीच्या कामात तिला पसंती आहे. पांढऱ्या कृत्रिम डिंकाने जोडलेले थर मात्र नंतर सुखरूप वेगळे करणे फार अवघड जाते.