गुलाबी बोंडअळीला बीटी पचू कसं लागलं?

२०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात वरून धडधाकट दिसणारं बोंड फोडलं की आत गुलाबी अळी निघत होती. कपाशी बीटी, म्हणजे जिवाणूचं जनुक घातल्याने अळीला मारणारं विष स्वतःच तयार करणारी; तरीही ही कुठून आली, असं जो तो विचारत होता. कीड मात्र जुनीच. भडोचच्या कपाशीवरून मिळालेल्या नमुन्यांवरून सॉन्डर्स या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १८४३ मध्ये या पतंगाचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. पतंग लहानसा, करडा-तपकिरी, सहज नजरेत न भरणारा. अळी फुलात शिरली की पाकळ्या धाग्यांनी बांधून डोमकळी करते, बोंडात शिरली की सरकी खाते आणि हंगाम सरला की सरकीतच सुप्तावस्थेत पडून राहते. अशी सरकीत दडूनच ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतातून इजिप्तला आणि तिथून मेक्सिकोला पोचली.

सगळं अडलं ते तिच्या खाण्यावर. कपाशीवरची दुसरी कीड, अमेरिकन बोंडअळी, हिला तूर, हरभरा, टोमॅटो काहीही चालतं. गुलाबी अळी क्वचित भेंडी-अंबाडीवर सापडते, पण जगते कपाशीवरच. २००२ मध्ये बीटी वाण आले, २००६ मध्ये त्यांत दुसरं जनुक आलं. तुरी-हरभऱ्यावर वाढलेले, बीटीशी कधी गाठ न पडलेले अमेरिकन बोंडअळीचे पतंग प्रतिकारक पतंगांशी मीलन करत राहिले, त्यामुळे तिच्यातला प्रतिकार पसरायला वेळ लागतो. गुलाबी अळीला असा आसराच नव्हता. तो मिळावा म्हणून बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगरबीटी बियाणं दिलं जाई; बहुतेकांनी ते पेरलंच नाही. दोन-तीन एकरवाल्याने किडीसाठी ओळी सोडाव्यात, ही अपेक्षाच मला अवाजवी वाटते.

त्यात आपल्याकडे बीटी आलं ते संकरित वाणांतून. अशा झाडाच्या एकाच बोंडात काही सरक्या विषारी, काही बिनविषारी निघतात. सरकी खाणाऱ्या अळीला यापेक्षा सोयीचं काय? वाणही लांब मुदतीचे, वर हंगाम सरल्यावरही पाणी देऊन लांबवलेलं पीक, फरदड. म्हणजे पोटाची सोय फेब्रुवारी-मार्चपर्यंत. २०१० मध्ये गुजरातेत पहिल्या जनुकाला प्रतिकार जाहीर झाला, आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत दुसरंही निष्प्रभ ठरू लागलं.

अमेरिकेने बीटी वाण, नसबंदी केलेले पतंग आणि काढणीनंतर शेतं साफ करण्याची सक्ती यांच्या जोरावर २०१८ मध्ये आपल्या कपाशीतून ही कीड संपल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे डिसेंबरअखेर शेत मोकळं करा, असं दरवर्षी सांगितलं जातं. पण भाव चढा असला आणि विहिरीला पाणी असलं, की जानेवारीतही कपाशीची पऱ्हाटी उभीच असते.