मुलं नेली ती ‘संरक्षणा’च्या नावाखाली

ऑस्ट्रेलियात ॲबोरिजिनल, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, मुलांसोबत आणि कुटुंबांसोबत काम करणाऱ्यांच्या तोंडी ‘कल्चरल सेफ्टी’ हा शब्द सतत असतो. सांस्कृतिक सुरक्षितता. मराठीत आणला की एखाद्या परिपत्रकातला वाटतो. तिथे त्याला इतकं वजन का आहे हे कळायचं, तर त्याआधीचा एक शब्द बघायला हवा: ‘प्रोटेक्शन’, म्हणजे संरक्षण.

व्हिक्टोरियाने १८६९ मध्ये ॲबोरिजिनल लोकांच्या ‘संरक्षणा’चा कायदा केला. पाठोपाठ क्वीन्सलंड (१८९७), वेस्टर्न ऑस्ट्रेलिया (१९०५) आणि न्यू साउथ वेल्स (१९०९). वेस्टर्न ऑस्ट्रेलियात तर सोळा वर्षांखालच्या ॲबोरिजिनल मुलांचा कायदेशीर पालक ‘चीफ प्रोटेक्टर’ नावाचा सरकारी अधिकारी असे. आईबाप हयात असले तरी! न्यू साउथ वेल्समध्ये १९१५ च्या दुरुस्तीनंतर मूल ताब्यात घ्यायला कोर्टात जाण्याचीही गरज उरली नाही. ताब्यात घेण्याचं कारण लिहायला कागदावर जागा होती, पण काही अधिकारी तिथे एवढंच लिहीत: ‘ॲबोरिजिनल असल्यामुळे’.

या राज्यातल्या मुली जायच्या कूटामुंड्राच्या होममध्ये, म्हणजे सरकारी वसतिगृहात. तिथे घरकामाचं शिक्षण, मग गोऱ्यांच्या घरी मोलकरीण म्हणून रवानगी. मुलगे जायचे केम्प्सीजवळच्या किंचेला बॉइज होममध्ये. ते १९२४ ते १९७० पर्यंत चाललं. आत आलेल्या मुलाला एक नंबर मिळायचा आणि पुढे त्याच नंबराने हाक. आवारात अंजिराच्या जातीचं एक मोठं झाड होतं. शिक्षा म्हणून मुलांना त्या झाडाला साखळीने बांधून ठेवत, असं तिथून बाहेर पडलेल्यांनी सांगितलं आहे. आपली भाषा बोलायची सोय नव्हती. कित्येकांना तर आईवडील मेले, किंवा त्यांना तू नकोच होतास, असं सांगून वाढवलं गेलं.

मुलं उचलण्यामागचं एक कारण आपल्याला चटकन कळण्यासारखं आहे. ॲबोरिजिनल नात्यांत आईची बहीणही आईच; मूल या चुलीवरून त्या चुलीवर वाढतं, आजी आणि मावश्या त्याला बघतात. ‘माय मरो पण मावशी जगो’ म्हणणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याच्या डोक्यात मात्र आई, बाप आणि चार भिंती एवढंच घर होतं. त्याने वहीत लिहिलं: दुर्लक्षित.

अशा होममध्ये वाढलेली मुलं पुढे स्वतः आईबाप झाली. लेकराला जवळ कसं घ्यायचं हे त्यांनी कुणाला करताना पाहिलंच नव्हतं. ॲबोरिजिनल लोकांच्या तुरुंगातल्या आणि कोठडीतल्या मृत्यूंची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाने १९९१ मध्ये ९९ मृत्यूंचा अहवाल दिला. त्यांतले ४३ जण लहानपणी घरापासून तोडलेले होते. पुढे रोनाल्ड विल्सन आणि मिक डॉडसन यांच्या, नेलेल्या मुलांबद्दलच्या सरकारी चौकशीने ५३५ जणांच्या हकिकती गोळा केल्या. १९९७ च्या त्यांच्या अहवालानुसार १९१० ते १९७० या काळात दहातलं एक ते तिनातलं एक, एवढ्या प्रमाणात मुलं नेली गेली होती. इतिहासकार पीटर रीड यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना ‘स्टोलन जनरेशन्स’ हे नाव दिलं होतं. चोरलेल्या पिढ्या.

म्हणून आघातातून सावरण्यासाठी समुपदेशक पाठवून दिला की झालं, असं इथे होत नाही. वही घेऊन दारात आलेली गोड बोलणारी बाई म्हणजे काय, हे आजीला पक्कं ठाऊक असतं. आपण मन मोकळं केलं आणि तेच कागदावर चढून नातू गेला तर? ही भीती आजार नाही, अनुभव आहे.

‘कल्चरल सेफ्टी’ हा शब्द आला शेजारच्या न्यूझीलंडमधून. १९८८ च्या सुमारास नर्सिंग शिकणाऱ्या एका माओरी, म्हणजे तिथल्या मूळ समाजातल्या, मुलीने विचारलं: कायद्याच्या, नीतीच्या, उपचारांच्या सुरक्षिततेबद्दल तुम्ही बोलता, मग आमच्या संस्कृतीच्या सुरक्षिततेचं काय? माओरी परिचारिका इरिहापेती रॅम्सडन यांनी त्या प्रश्नातून पुढचा सगळा विचार उभा केला. त्याचा गाभा असा की सेवा सुरक्षित होती की नाही हे सेवा घेणारा ठरवणार, देणारा नव्हे. ‘प्रोटेक्टर’च्या नेमकं उलट.

ऑस्ट्रेलियात जमीन आधीच नांगरलेली होती. सिडनीच्या रेडफर्नमध्ये १९७१ साली ॲबोरिजिनल लोकांनी स्वतःचा दवाखाना काढला. मेलबर्नमध्ये मॉली डायर यांनी त्याच दशकात मुलांसाठी संस्था उभी केली. मूल घराबाहेर ठेवावंच लागलं तर आधी नातलग, मग त्याचा समाज, हे तत्त्व १९८० नंतर एकेका राज्याच्या कायद्यात शिरलं. हरवलेल्यांना घरच्यांशी जोडून देणारी ‘लिंक-अप’ ही संस्था १९८० ची.

आणि पद्धत? उत्तर ऑस्ट्रेलियातल्या डेली नदीकाठच्या मिरियम-रोझ उंगुनमेर-बाउमन यांनी आपल्या भाषेतला एक शब्द जगापुढे ठेवला: ‘दादिरी’. शांत बसून, आतून ऐकणं. समोरच्याला प्रश्नांनी भंडावायचं नाही, तो बोलेपर्यंत थांबायचं. अभ्यासिका जूडी ॲटकिन्सन यांनी पिढ्यान्‌पिढ्या उतरणाऱ्या आघातावरच्या कामात हेच ऐकणं पायाशी ठेवलं. तासाला एक पेशंट अशा वेळापत्रकात ते बसत नाही. अनुदानाच्या फॉर्ममध्ये तर नाहीच नाही. किंचेलातून वाचलेल्यांनी पुढे आपली संघटना काढली, आणि एकमेकांना सावरण्याचं काम ते आता तिच्यातूनच करतात.

पंतप्रधान केव्हिन रड यांनी १३ फेब्रुवारी २००८ रोजी संसदेत माफी मागितली. दुसऱ्या वर्षी या सावरण्याच्या कामासाठी ‘हीलिंग फाउंडेशन’ स्थापन झालं. पण मुलं नेणं काही थांबलं नाही. आजही इतर मुलांच्या मानाने ॲबोरिजिनल मुलं सरकारी देखरेखीखाली असण्याचं प्रमाण दहापटीच्या आसपास आहे, आणि २०३१ पर्यंत ही तफावत ४५ टक्क्यांनी कमी करायचं सरकारचं उद्दिष्ट आहे. २०१४ मध्ये न्यू साउथ वेल्समधल्या गनेडा गावात आज्याच रस्त्यावर उतरल्या. ‘ग्रँडमदर्स अगेन्स्ट रिमूव्हल्स’, म्हणजे मुलं नेण्याविरुद्ध आज्या, हे त्यांच्या संघटनेचं नाव. पुढच्या वर्षी राज्याच्या खात्याने त्यांच्यासोबत बसून तत्त्वं लिहून काढली: मुलाबद्दल निर्णय घेताना तिथल्या ॲबोरिजिनल माणसांना विचारायचं.