दुहिता म्हणजे धार काढणारी? नाही!

संस्कृत 'दुहिता' (मुलगी) म्हणजे गाईची धार काढणारी आणि इंग्रजी 'डॉटर' तिच्यापासूनच आला, असं वर्षानुवर्षे सांगितलं जातं. नातं खरं, पण ते चुलत बहिणींचं, आई-लेकीचं नव्हे. डॉटर, जर्मन टोख्टर, डच डोख्टर हे सारे प्राचीन जर्मॅनिकच्या, म्हणजे या भाषांच्या पूर्वज भाषेच्या, 'दुख्तेर' या पुनर्रचित (अभ्यासकांनी अंदाजाने मांडलेल्या) नामाचे वंशज.

धारेची कल्पना जुनीच. प्राचीन भाषाभ्यासक यास्काने 'निरुक्त' या शब्दव्युत्पत्तीच्या ग्रंथात 'दुह्' (धार काढणे) हा धातू सुचवला, पण शेजारीच 'दूरे हिता', म्हणजे दूर असलेली बरी, हीही व्युत्पत्ती दिली! खरी अडचण ध्वनीची. 'दुह्'च्या मुळाशी महाप्राण (हकारयुक्त) 'घ' होता. मुलगी या अर्थाच्या ग्रीक 'थुगातेर'मध्ये मात्र साधा 'ग' आहे; मूळ 'दुह्' असता तर तिथेही महाप्राण हवा होता. तिथेच दोहनाची गोष्ट अडते.

कोकणीतली 'धूव' (मुलगी) मात्र थेट दुहितेच्याच घरची.